दहा बाय आठची खोली

मावशी कुठेही बसल्या की आधी सरकायच्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांबलचक बाक होता. त्यावर त्या एकट्या असल्या तरी अगदी टोकाला, अंग चोरून बसत. कोणी आलं की आणखी दोन बोटं सरकत. सरकायला काही उरलेलं नसे, तरी सरकत आणि म्हणत, "बसा की. माणसाला जागा लागती किती?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एसटीत तिघांच्या बाकावर चौथ्याला बोलावून घेणारी. आपण त्यांच्यावर वैतागतो आणि मग चौथे आपण असलो की त्यांचे आभार मानतो. मी पहिली काही वर्षं मावशींवर वैतागण्यातच घालवली.

कर्जतच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागलो तेव्हा मावशी तिथे आया म्हणून चांगल्या मुरलेल्या होत्या. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पेशंट आयाबाई म्हणत, मी मावशी म्हणे. माहेर खालापूरकडच्या भातशेतीच्या एका गावातलं. नवरा रेल्वेत होता, तो तरणाच गेला. एक मुलगी. नदीपलीकडे दहिवलीत दोन खोल्यांचं कौलारू घर.

हे घर म्हणजे दवाखान्याची धर्मशाळाच होती. डोंगराच्या अंगच्या ठाकूरवाड्यांतून अडलेल्या बायका झोळीत घालून आणत. बाईला खाट मिळे. तिच्याबरोबर सासू, आई, नवरा, दीर, पाठची दोन पोरं अशी निम्मी वाडी चालत आलेली असे, त्यांना दवाखान्यात थारा नसे. ही माणसं कोणाला काही विचारत नसत. झाडाखाली बसून राहत. मावशी ड्यूटी संपली की तिकडून जात आणि नुसतं "चला" म्हणत. मग ती सगळी वरात पूल ओलांडून दहिवलीला जाई.

एकदा एका कुटुंबाबरोबर शेळीही आली. घरी तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं. मावशींनी तिला स्वयंपाकाच्या खोलीत बांधली. शेळीने मुलीचं भूगोलाचं पुस्तक युरोपापर्यंत खाल्लं. मुलगी रडली तेव्हा मावशी म्हणाल्या, "राहिलंय तेवढं वाच. खाल्लेलं नंतर बघू." ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती, आणि सांगताना त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

मुलगी हुशार निघाली. मुंबईला राहून नर्सिंग शिकली. त्या काळात विलायतेतल्या इस्पितळांना नर्सेस हव्या होत्या. आपल्याकडच्या बऱ्याच मुली गेल्या, तशी हीही गेली. तिथेच तिने लग्न केलं. नवरा केरळचा, इस्पितळातच रक्त तपासायच्या खोलीत कामाला. मावशींना लग्नाला जायचं होतं म्हणून पासपोर्ट काढला, पण तो हातात येईपर्यंत लग्न होऊन गेलं. मावशींनी पासपोर्ट देवाच्या फळीवर ठेवला आणि त्याला हळद-कुंकू लावलं. ते पुसायला मला पुढे बराच वेळ लागला.

मुलीची निळी पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर येत. वाचून दाखवायचं काम माझं. एका पत्रात तिने लिहिलं होतं की सातवा महिना लागला आहे, सगळं ठीक आहे, फक्त पायांना सूज येते आणि सकाळी डोकं दुखतं. मी पुढे वाचत होतो. मावशींनी हात वर करून मला थांबवलं.

"सूज पायालाच हाय का तोंडालाबी?"

पत्रात तसं काही नव्हतं. मावशी उठल्या. "भाऊ, मला जायाला पायजे," म्हणाल्या. तीस वर्षं बाळंतपणं बघितलेल्या बाईने हे म्हटलं होतं. सूज आणि डोकेदुखी एकत्र आली की काय होतं, ते तिने पाहिलेलं होतं.

विलायतेत शिरायला आधी मुंबईतल्या त्यांच्या ऑफिसातून परवानगीचा कागद घ्यावा, नाहीतर तिकडच्या विमानतळावरूनच परत पाठवतात, असं मुलीने कळवलं होतं. दुभाष्याची सोय तिथे होती, तरी मी रजा टाकून बरोबर गेलो. टेबलापलीकडे एक गोरा साहेब आणि त्याच्या बाजूला आपल्यातलाच एक दुभाष्या. साहेबाने पासपोर्ट बघितला आणि त्याला वाटलं बाई जवळच राहते. आपल्या जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. हा कुलाबा वेगळा, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. साहेब हसला, मावशीही हसल्या. माणूस वाईट नव्हता.

मग त्याने विचारलं की तिकडे राहणार कुठे.

"पोरीकडं."

मुलीचं घर केवढं आहे?

"एक खोली हाय. वरच्या माडीवर."

त्या खोलीत मुलगी, तिचा नवरा, आणि आता मूल होणार. मग तुम्ही कुठे झोपणार?

मावशींना प्रश्नच कळला नाही. दुभाष्याने तो पुन्हा सांगितला. तेव्हा त्या म्हणाल्या, "खाली."

दुभाष्याने इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे. 'खालच्या मजल्यावर' असं सांगितलं असावं, कारण साहेबाने विचारलं की खालचा मजला कोणाचा आहे. खालचा मजला घरमालकिणीचा होता. मग तिचं पत्र आणा, तो म्हणाला. पाहुणीला राहायला पुरेशी जागा आहे आणि आपली हरकत नाही, असं घरमालकाचं लेखी पत्र असल्याशिवाय परवानगी देता येत नाही, तसा नियम आहे.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की ही बाई सुईणीचं काम जाणते, मुलीची तब्येत ठीक नाही, वेळ थोडा आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. तिकडे चांगली इस्पितळं आहेत, असं तो समजुतीने म्हणाला.

परतीच्या गाडीत कल्याण गेलं. मग मावशी म्हणाल्या, "माज्या पोरीच्या शेजारी मी निजनार. त्याला तिसऱ्याची चिठ्ठी कशाला लागती रं भाऊ?" मला एरवी त्या अहोजाहो करत. त्या दिवशी पहिल्यांदा मला रं म्हणाल्या.

मी त्याच दिवशी मुलीला पत्र टाकलं. उत्तर यायला अठरा-वीस दिवस गेले. घरमालकीण नाही म्हणाली होती. खोली दोघांना दिली आहे, मूल झाल्यावर तीन होणार हेच मी चालवून घेते आहे, चौथं माणूस नको. मुलीने दुसरी जागा शोधली. जड पायांनी ती संध्याकाळच्या वेळी गल्ल्या फिरली. एका ठिकाणी खोली आहे असं फोनवर सांगितलं आणि दारात तिला बघितल्यावर खोली गेली असं सांगितलं. हे तिने पत्रात एका ओळीत लिहिलं होतं. मी ती ओळ मावशींना वाचून दाखवली नाही. पुढे लिहिलं होतं की बरोबरची एक नर्स आईला आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार आहे, तिचं पत्र चार दिवसांत पाठवते.

ते पत्र आलंही. पण त्याच्या आदल्या दिवशी तार आली.

तार माझ्या हातात पडली तेव्हा मावशी आत बाळंतपणात होत्या. भिवपुरीकडची कोणी बाई होती, पहिलटकरीण. मी दाराबाहेर उभा राहिलो. मूल रडल्याचा आवाज आला, तरी मी आत गेलो नाही. मावशी घमेलं घेऊन बाहेर आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घमेलं खाली ठेवलं.

"पोर जित्ती हाय ना?"

मी सांगितलं, आहे. मूल मेलेलं जन्माला आलं.

"मुलगा का मुलगी?"

तारेत ते नव्हतं. मावशींनी मान हलवली. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. मग आत गेल्या, कारण आतल्या मुलाला अजून आंघोळ घालायची होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती मी आधी कधी कोणाला सांगितलेली नाही. दवाखान्यात मेलेलं मूल जन्माला आलं की घरची माणसं बहुतेक वेळा त्याकडे बघतही नसत. बाई वाचली हेच खूप, असं म्हणून तिला घेऊन जात. ते मूल मावशी स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळत आणि नदीच्या वरच्या अंगाला नेऊन पुरत. मग ती बाई घरी जायला निघाली की तिच्या कानाशी लागून सांगत, करंजाच्या झाडापासून इतक्या पावलांवर, मोठ्या धोंड्याच्या या बाजूला. बाईने विचारलेलं नसे. कित्येक बायका तोंड फिरवत. मी एकदा म्हटलं होतं, कशाला सांगता, विसरू दे की तिला. मावशी म्हणाल्या होत्या, "ठावं असलं तर इसरंल. ठावं नसलं तर जल्मभर हुडकंल."

मुलीला त्यांनी पत्रात एवढंच लिहायला सांगितलं: तू जेव, झोप, अंगावर ऊन घे, आणि बाळाला कुठं ठेवलं ते कळव.

उत्तर आलं. मुलगा होता. कुठे ठेवला ते माहीत नव्हतं. तिथल्या लोकांनी तिला तो दाखवलाच नाही. इस्पितळ सगळं बघेल, तुम्ही आता पुढचा विचार करा, असं तिला सांगितलं. ती स्वतः नर्स, तरी तिने विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, असं तिने लिहिलं होतं. 'आई, मला आता त्याबद्दल विचारू नकोस.'

मावशींनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या बदलल्या. काम तेच, बोलणं तेच, घरात माणसंही तशीच. फक्त पत्र वाचून झाल्यावर त्या ते माझ्या हातून घेत आणि शेवटच्या ओळीवर अंगठा ठेवून बसत, मी काही वगळलं तर नाही ना, अशा चेहऱ्याने. माझं मन मला खात असे, कारण मी एक ओळ वगळली होती.

दोन-अडीच वर्षांनी मुलीने आणि जावयाने लहानसं घर घेतलं. मग एक जाड पाकीट आलं. त्यात मुलीचं पत्र, जावयाचं पत्र, आणि तिथल्या एका वकिलाच्या सहीचा कागद होता. पाहुणीसाठी वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली आहे, दहा फूट बाय आठ फूट, एक खिडकी, एक पलंग. मी वाचून दाखवलं. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि व्हरांड्यात पावलं टाकून दहा बाय आठ म्हणजे केवढं ते बघितलं.

"एवढ्यात आमच्याकडं सात मानसं निजत्यात," त्या म्हणाल्या.

या वेळी मुंबईच्या ऑफिसात दुसरा साहेब होता. त्याने कागद बघितला, राहणार कुठे ते विचारलं, मावशींनी दहा बाय आठ असं उत्तर दिलं, आणि परवानगी मिळाली. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी. ट्रंकेपेक्षा पिशवी त्या जास्त जपत होत्या.

दोन महिन्यांनी त्या परत आल्या. दवाखान्यातल्या बायकांनी त्यांना घेरलं. मावशींनी दोन मजली बस सांगितली, थंडी सांगितली, रांगेत एकमेकांना न शिवता उभी राहणारी माणसं सांगितली. त्या बसथांब्यावरच्या बाकावर सरकल्या की शेजारचा माणूस उठून उभाच राही, हे सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. मी विचारलं, खोली कशी होती?

"चांगली होती. लुगडी वाळत घातली तिच्यात."

"आणि झोपायचात कुठे?"

"पोरीच्या खोलीत. खाली. जावई बिचारा त्या खोलीत गेला."

बायका पांगल्यावर त्यांनी मला मागच्या पायरीवर बोलावलं. तिथे गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी मुलीला हाताला धरून त्या इस्पितळात नेलं होतं. मुलगी यायला तयार नव्हती. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिला बोलणं भागच पडलं. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिसऱ्या खिडकीवरच्या म्हाताऱ्या कारकुनाने त्यांना खुर्ची दिली आणि आतून एक मोठी वही आणली. त्यात सापडलं. तारीख, आईचं नाव, आणि गावाबाहेरच्या दफनभूमीतला एक आकडा. त्या एका जागेत, याला धरून, सहा बाळं होती.

त्या तशाच तिकडे गेल्या. दगड नाही, नाव नाही, नुसतं गवत. मुलगी तिथे बसली आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, असं मावशी म्हणाल्या. त्यांनी तिला रडू दिलं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी काय? म्हनलं, एकटा नाय, बरं झालं." एवढं बोलून त्या उठल्या आणि वॉर्डात गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मुलीला पुढे मुलगी झाली. त्या वेळी मावशी गेल्या नाहीत. आता पोर बरी आहे, म्हणाल्या. निवृत्त झाल्यावरही त्या रोज चारच्या सुमाराला दवाखान्यात येत आणि झाडाखाली कोण बसलं आहे ते बघून जात. जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं, त्यानंतर एक-दोन वर्षांत त्या गेल्या. छातीत कळ आली आणि आमच्याच दवाखान्यात, तासाभरात. मी उशाशी होतो. घरात त्या दिवशी वाडीवरची पाच माणसं उतरलेली होती. खांदा त्यांनीच दिला.

मुलगी नवव्या दिवशी पोचली. दहावं नदीवर केलं. सगळं आटोपल्यावर ती आणि मी पुलाच्या कठड्याशी उभे होतो. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. मी तिला सांगून टाकलं, की तुझ्या त्या पत्रातली एक ओळ मी तुझ्या आईला वाचून दाखवली नव्हती. दारात बघून खोली नाकारली ती.

"तिला माहीत होतं," मुलगी म्हणाली. "ती आली तेव्हा मीच सांगितलं. ती म्हणाली, भाऊनं वाचताना एक ओळ गिळली होती, ती हीच काय?"

 मग तिने विचारलं, "आई तिकडे दिवसभर काय करायची, ते तुम्हाला सांगितलं का तिनं?"

मी म्हटलं, बसमधून फिरायच्या, असं म्हणाल्या होत्या.

"बसमधून एकाच ठिकाणी जायची. मी ड्यूटीवर गेले की निघायची. थांब्यावर कागद दाखवायची, त्यावर मी आपल्या घराचा पत्ता, माझ्या इस्पितळाचा फोन आणि त्या दफनभूमीचं नाव लिहून दिलं होतं. पहिल्यांदा दोघी गेलो तेव्हा, हरवली तर असावं म्हणून. मला वाटायचं ती घरात बसून आहे. तिथल्या माळ्यानं एकदा माझ्या इस्पितळात फोन केला, तेव्हा कळलं. तक्रार नव्हती त्याची. तो म्हणाला, पाऊस पडतो आहे आणि तुमच्या आई उठत नाहीत, काय करू?"

ती रजा घेऊन गेली. आई गवतावर पिशवी अंथरून बसली होती. आईची पाठ होती, म्हणून मुलगी आल्याचं तिला कळलं नाही. ती बोलत होती. मुलगी मागे उभी राहून ऐकत राहिली.

"काय बोलत होत्या?"

 मुलगी आईच्याच बोलीत सांगायला लागली. ती बोली तिच्या तोंडी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"इमान ममईला उतरतं. तिथनं दादरला ये, कर्जतची गाडी धर. कर्जत आलं की उतर, फुडं जाऊ नको, फुडं घाट लागतो. टेसनाच्या भायेर आलास की नदीचा पूल हाय, त्यावरनं ये. दहिवलीत कोनालाबी इचार, आयाबाईचं घर. ल्हान हायस म्हनून भिऊ नको. आनि येताना त्या पाचांनाबी संगती आन."

"हे ती रोज सांगायची," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी मी ऐकलं तेव्हा दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा अगदी हळू. त्याच्या ध्यानात राहावं म्हणून."